एका थेंबात दोन पेशी: मायक्रोफ्लुइडिक थेंब आणि हायड्रोजेल वापरून सहसंवर्धनाचा पहिला प्रयोग

ज्वारीच्या पिठाची आंबील आंबत ठेवली की तिच्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि यीस्ट शेजारी शेजारी वाढतात, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. पण त्यांपैकी कोण कोणाच्या जिवावर वाढतो, असे विचारले की उत्तर अडखळते. एका भांड्यात कोट्यवधी पेशी मिसळलेल्या असताना आपल्या हाती लागते ती फक्त सगळ्यांची बेरीज. तेच मिश्रण नॅनोलिटरपेक्षाही लहान अशा लाखो थेंबांत वाटून टाकले, तर काही थेंबांत नुसते यीस्ट, काहींत नुसते जिवाणू, काहींत दोघेही आणि काहींत कोणीच नाही, अशी वाटणी आपोआप होते आणि तुलनेसाठी लागणारे गट त्याच ट्यूबमध्ये तयार मिळतात.

सोलापुरातील ज्या महाविद्यालयांत बरा सूक्ष्मदर्शक, इन्क्युबेटर आणि सेंट्रिफ्यूज आहे, पण केसासारख्या बारीक नाल्यांतून द्रव वाहवून असे थेंब तोडणारी मायक्रोफ्लुइडिक चिप कोणी हातात धरलेली नाही, तेथील पदव्युत्तर विद्यार्थी आणि तरुण शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. सहसंवर्धनाच्या, म्हणजे दोन जाती एकत्र वाढवण्याच्या, या प्रयोगासाठी बेकरीचे यीस्ट आणि लॅक्टोकोकस लॅक्टिस हा दुग्धजन्य पदार्थांतील जिवाणू निवडला आहे. दोन्ही निरुपद्रवी आहेत, लवकर वाढतात आणि बिघडले तर पुन्हा वाढवायला फारसा खर्च येत नाही. शुद्ध वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहातून मागवावेत. घरचे विरजण वापरू नये, कारण त्यात किती प्रकारचे जिवाणू आहेत हे आपल्यालाच ठाऊक नसते.

थेंब बंद ठेवायचा की उघडा

नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ चिपच्या मागे जातो. माझ्या मते, चिपला हात लावण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिलेले असावे: आपल्याला शेजारी एकमेकांपासून तोडायचे आहेत की जोडायचे आहेत?

तेलात तरंगणारा पाण्याचा थेंब बंद असतो. त्यातील पेशीने बाहेर टाकलेले अमिनो आम्ल त्याच थेंबात राहते आणि शेजारच्या थेंबाला बहुतांशी मिळत नाही. हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा, मणी मात्र तेलातून काढून माध्यमात सोडला की उघडा होतो, कारण जेलच्या जाळीची छिद्रे काही नॅनोमीटरपासून काहीशे नॅनोमीटरपर्यंत असतात. त्यांतून पेशी निसटत नाही, परंतु साखर, अमिनो आम्ले आणि लहान प्रथिने सहज ये-जा करतात. म्हणून ‘या यीस्टने या जिवाणूला पोसले का?’ असा प्रश्न असेल, तर वाढीचा सगळा काळ मणी तेलातच राहिला पाहिजे. दोन जातींच्या पेशी एकमेकींना न भिडता रेणूंमार्फत बोलतात का, हे पाहायचे असेल तर दोन जातींचे वेगवेगळे मणी करून ते एकाच माध्यमात ठेवावे लागतात. हा निर्णय न घेता केलेले प्रयोग मी पाहिले आहेत, एक मीही केला आहे. मणी सुंदर होते, आकडेही आले, फक्त ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत हे सांगता येईना.

जेल कोणते घ्यायचे, हेही याच निर्णयावर ठरते. अल्जिनेट हे तपकिरी समुद्रशैवालातून मिळते आणि कॅल्शियम मिळताच घट्ट होते. उघड्या मण्यांसाठी ते उत्तम. थेंबाच्या आत ते घट्ट करायचे असेल, तर कॅल्शियम ईडीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनात बांधून ठेवतात आणि तेलात किंचित ॲसिटिक आम्ल घालून ते मोकळे करतात. बंद थेंबात दिवसभर वाढ करायची असेल, तर हे आम्ल आतच राहते, जे आपल्याला नको आहे. कमी तापमानाला घट्ट होणाऱ्या ॲगारोज या दुसऱ्या जेलला असले काही लागत नाही, केवळ थंडावा लागतो. येथील प्रयोग बंद थेंबाचा असल्यामुळे मुख्य जेल ॲगारोज आहे.

सोलापुरातील तापमान आणि पाणी

कमी तापमानाला घट्ट होणारे ॲगारोज साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअसला घट्ट होते, परंतु एकदा घट्ट झाले की ६५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. या दोन आकड्यांमधील दरीवर सगळा प्रयोग उभा आहे, आणि आपल्याकडचे हवामान त्यात ढवळाढवळ करते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असताना वातानुकूलन नसलेल्या खोलीत ॲगारोज सिरिंजमध्ये आपोआप पातळ राहते. तेव्हा प्रवाह छान चालतो, पण गोळा केलेले थेंब टेबलावर कितीही वेळ ठेवले तरी जेल बनत नाहीत. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या सकाळी, नेमके उलटे होते: सिरिंज आणि चिप यांच्यामधल्या बारीक नळीतच ॲगारोज बसते आणि पंप आवाज करू लागतो. म्हणून उन्हाळ्यात गोळा करण्याची ट्यूब बर्फात ठेवावी आणि हिवाळ्यात सिरिंज, नळी व चिप ३७ अंशांवर राखण्याची सोय करावी. नळी शक्य तितकी आखूड ठेवावी.

बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. अशा पाण्यात अल्जिनेट विरघळवू लागलो तर ते आधीच गुठळ्या धरते. सर्व द्रावणे विआयनीकृत पाण्यातच करावीत आणि काचेची भांडीही शेवटी त्याच पाण्याने खंगाळावीत. सिरिंज पंप यूपीएसवर असावेत. दोन मिनिटे वीज गेली तरी थेंबांचा आकार बिघडतो आणि तो पूर्ववत स्थिर व्हायला बराच वेळ लागतो.

पहिला दिवस चिपशिवाय

चिप येईपर्यंत जेलची सवय करून घ्यावी. दोन ग्रॅम सोडियम अल्जिनेट शंभर मिलिलिटर पाण्यात चिमूट चिमूट भुरभुरवत ढवळावे. एकदम ओतले तर बेसनासारख्या गाठी होतात, त्या तासभर ढवळूनही मोडत नाहीत. दुसऱ्या भांड्यात १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवले की १०० मिलिमोलर द्रावण होते. बाटलीवर ‘निर्जल’ लिहिलेले असेल तर १.११ ग्रॅम पुरते, म्हणून लेबल वाचावे. अल्जिनेटमध्ये थोडे यीस्ट मिसळून बारीक सुईच्या सिरिंजमधून थेंब थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडावे. थेंब पडताना शेपटीसह पडतो, पाण्यात शिरताच गोल होतो आणि काही मिनिटांत भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाबला जाणारा मणी तयार होतो. हे मणी साखरेच्या पाण्यात ठेवले, तर काही तासांनी त्यांच्या अंगावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धरतात आणि एकेक मणी तळातून वर येऊ लागतो. जेलमध्ये पेशी जिवंत आहे आणि तिचे खाणे-सोडणे चालू आहे, याचा यापेक्षा स्वस्त पुरावा नाही.

याच मण्यांनी मला एक धडा दिला. जिवाणू घातलेले अल्जिनेटचे मणी मी रात्रभर एमआरएस या लॅक्टिक जिवाणूंच्या नेहमीच्या माध्यमात ठेवले आणि सकाळी पाहिले तर निम्मे मणी लिबलिबीत झालेले, उरलेले दिसेनात. एमआरएसमध्ये सायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही असतात आणि दोन्ही कॅल्शियम ओढून घेतात. फॉस्फेट बफरने वारंवार धुतल्यावरही हेच होते. अल्जिनेटचे मणी धुण्यासाठी हेप्स बफरचे सलाइन घ्यावे आणि त्यात २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालावे.

आकडेमोड

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण प्रयोग येथेच जिंकला किंवा हरला जातो. १०० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबाचे आकारमान ०.५२ नॅनोलिटर असते, म्हणजे एका मिलिलिटरमधून साधारण १९ लाख थेंब होतात. प्रत्येक थेंबात सरासरी एक पेशी हवी असेल, तर मिलिलिटरमागे १९ लाख पेशी हव्यात. आपल्या चिपमध्ये यीस्टचा एक आणि जिवाणूंचा एक असे दोन प्रवाह समान वेगाने येऊन थेंबात मिसळतात, त्यामुळे प्रत्येक प्रवाहाची तीव्रता थेंबात निम्मी होते. म्हणून प्रत्येक प्रवाहात ३८ लाख. आणि हा प्रवाह आपण २ टक्के ॲगारोज व पेशींचे दुप्पट तीव्रतेचे माध्यम सम प्रमाणात मिसळून करणार, म्हणून मिसळण्याआधीच्या माध्यमात ७६ लाख. हे दुसरे दुप्पट करणे हमखास विसरले जाते.

‘सरासरी एक’ याचा अर्थ प्रत्येक थेंबात एक असा नाही. पेशी थेंबांत पॉइसन वितरणाने, म्हणजे पत्रावळीवर उधळलेल्या दाण्यांसारख्या, कोठे जास्त कोठे कमी पडतात. सरासरी एक असताना सुमारे ३७ टक्के थेंबांत ती पेशी नसते आणि ६३ टक्के थेंबांत किमान एक असते. दोन्ही जातींसाठी हे एकदम लावले, तर शंभर थेंबांपैकी सुमारे ४० मध्ये दोघेही, २३ मध्ये नुसते यीस्ट, २३ मध्ये नुसते जिवाणू आणि १४ रिकामे येतात. नेमके एक यीस्ट आणि एकच जिवाणू असे थेंब मात्र शंभरात १३-१४ च असतात. यीस्टची गणना हिमोसायटोमीटरवर करावी. लॅक्टोकोकस जोड्यांनी आणि साखळ्यांनी राहतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत एक साखळी म्हणजे एक ‘पेशी’ असे धरावे लागते. व्हॉर्टेक्सवर हलवून लांब साखळ्या शक्य तितक्या तोडाव्यात.

चिप आणि तेल

पीडीएमएस या सिलिकॉन रबरात झटपट चिप ओतण्याची पद्धत हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्ये मांडली आणि टी आकाराच्या जोडावर तेलात पाण्याचे थेंब तोडण्याचे काम स्टीफन क्वेक यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केले; आज आपण वापरतो त्या बहुतेक चिप या दोहोंच्या वंशातल्या आहेत. साचा बनवायला स्वच्छ कक्ष लागतो, म्हणून साचा बाहेरून करून घ्यावा किंवा सुरुवातीला तयार चिपच विकत घ्यावी. साचा हाती असल्यास पीडीएमएसचे दोन घटक १० ला १ या वजनी प्रमाणात फेटावेत, निर्वातात बुडबुडे जाईपर्यंत ठेवावे आणि ६५ ते ७० अंशांवर किमान दोन तास भाजावे. काचेशी पक्का जोड प्लाझ्मा यंत्रानेच होतो. डिंक किंवा चिकटपट्टीच्या युक्त्यांत वेळ घालवू नये. दोन जलीय प्रवेश, एक तेलाचा प्रवेश आणि १०० मायक्रोमीटरच्या आसपासचे तोंड असलेली ‘फ्लो-फोकसिंग’ रचना निवडावी. भिंतींना तेल धरणारा फ्लोरिनयुक्त लेप दिला पाहिजे, नाहीतर पाणी भिंतीला चिकटते आणि थेंब तुटण्याऐवजी ओघळ होतो.

तेल खाण्याचे नव्हे, फ्लोरिनयुक्त घ्यावे: एचएफई-७५०० आणि त्यात २ टक्के पीईजी-पीएफपीई जातीचा सरफॅक्टंट, म्हणजे थेंब एकमेकांत मिसळू न देणारा पदार्थ. हे तेल ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड चांगले विरघळवते, त्यामुळे थेंबातल्या पेशी गुदमरत नाहीत. हे तेल ज्या नोवेक नावाने ओळखले जाई, ती श्रेणी बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने अशा रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवत असल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. म्हणून मागणी नोंदवताना दुसऱ्या उत्पादकांकडील त्याच रसायनाची चौकशी करावी. वापरलेले तेल बेसिनमध्ये ओतू नये. ते निसर्गात टिकून राहणाऱ्या रसायनांपैकी आहे, त्यासाठी वेगळी बाटली ठेवावी.

प्रवाह सुरू करताना

माध्यम असे घ्यावे की त्यात ग्लुकोज, अमोनियम क्षार, खनिजे आणि जीवनसत्त्वे आहेत, पण अमिनो आम्ले नाहीत. यीस्ट आपली अमिनो आम्ले स्वतः बनवते. लॅक्टोकोकसला काही आयती मिळावी लागतात. नायट्रोजन मुबलक असताना यीस्ट जादा अमिनो आम्ले बाहेर टाकते आणि त्यांवर लॅक्टिक जिवाणू जगतात, हे २०१७ मध्ये दाखवले गेले आहे. तेच आपल्याला एकेका थेंबात पाहायचे आहे. म्हणून जिवाणू किमान तीन वेळा धुवावेत, नाहीतर जुन्या माध्यमातील अमिनो आम्ले सोबत येतात.

ॲगारोज उकळून पूर्ण पारदर्शक करावे, ३७ अंशांपर्यंत निवू द्यावे आणि मगच पेशींचे माध्यम, तेही ३७ अंशांवर आणून, मिसळावे. प्रथम फक्त तेल सोडून चिप भरून घ्यावी. सगळे बुडबुडे गेल्यावर जलीय प्रवाह सुरू करावेत. तेल ताशी १००० मायक्रोलिटर आणि प्रत्येक जलीय प्रवाह ताशी २५० मायक्रोलिटर, येथून सुरुवात करावी. थेंब मोठे आले तर तेल वाढवावे, लहान आले तर कमी करावे, आणि प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटे हात बांधून बसावे.

सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर दोन जलीय प्रवाह एकाच नालीत शेजारून वाहताना न मिसळता जातात, मध्ये एक बारीक रेघ दिसते. तोंडाशी तेल दोन्ही बाजूंनी दाबते, पाण्याची मान बारीक होते, तुटते, आणि तुटलेल्या थेंबाच्या आत मात्र दोन्ही भाग गरगरत एकजीव होतात. १०० मायक्रोमीटरचे थेंब या वेगाने सेकंदाला सुमारे २६५ तयार होतात, डोळ्याला ती नुसती धूसर पट्टी दिसते. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण लावून भरपूर प्रकाशात पाहिले, तर थेंब अगदी सावकाश पुढे सरकताना दिसतात, कारण प्रत्येक चौकटीत एका थेंबाची जागा जवळजवळ पुढचा थेंब घेतो. थेंब जागच्या जागी थबकल्यासारखे दिसले, तर वेग २४० च्या बरोबरीला आला आहे असे समजावे. महागड्या कॅमेऱ्याशिवाय वेग मोजण्याची ही युक्ती आमच्याकडे एका विद्यार्थिनीला खेळता खेळता सापडली.

पहिल्या दहा मिनिटांचे थेंब टाकून द्यावेत. मग शंभर थेंबांचे व्यास मोजावेत. प्रमाण विचलन सरासरीच्या ५ टक्क्यांच्या आत नसेल, तर पुढे जाऊ नये. बहुधा कचरा अडकलेला असतो. ॲगारोज वगळता सर्व द्रवे गाळूनच वापरावीत. आणखी एक शत्रू म्हणजे गुरुत्वाकर्षण. पाण्यासारख्या पातळ द्रवात यीस्टची पेशी तासाला सुमारे ५ मिलिमीटर खाली बसते, म्हणजे आडव्या ठेवलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये तासाभरात सगळ्या तळाशी. ॲगारोजच्या दाटपणामुळे हे मंदावते, तरी सुरुवातीचे आणि शेवटचे दोनशे थेंब तपासावेत. यीस्ट नसलेले थेंब ३७ टक्क्यांहून पुष्कळ जास्त भरले, तर पेशी सिरिंजमध्येच बसल्या आहेत असे समजावे.

गोठवणे, वाढवणे, मोजणे

गोळा केलेली ट्यूब वीस मिनिटे बर्फात ठेवावी. थेंबांचे आता मणी झाले, पण ते अजून तेलातच आहेत, म्हणजे बंद आहेत. ही ट्यूब झाकण लावून ३० अंशांवर रात्रभर ठेवावी; आधी जेल झाल्यामुळे प्रत्येक पेशीची वसाहत जागच्या जागी वाढते. आमटीवर तर्री तरंगते ती सवय येथे सोडावी लागते: या तेलाची घनता पाण्याच्या १.६ पट असल्यामुळे मणी वर आणि तेल खाली असते. खालचे तेल काढून टाकावे, तेवढ्याच आकारमानाचे एचएफई-७५०० मधील २० टक्के परफ्लोरोऑक्टेनॉल, म्हणजे सरफॅक्टंटचे कवच मोडणारे रसायन, घालून हलके उलटसुलट करावे आणि बफर घालून मणी पाण्यात घ्यावेत. हे रसायन त्रासदायक आहे, म्हणून हातमोजे आणि फ्यूम हूड लागतातच.

मोजताना एक फसगत टाळावी. ज्या मण्यात एकटा जिवाणू आहे आणि तो वाढलेला नाही, तो मणी सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्यासारखाच दिसतो. म्हणून मण्यांचे चार नव्हे, दोन ढीग करावेत: यीस्ट असलेले आणि नसलेले. दोन्ही ढिगांत जिवाणूंची वसाहत किती टक्के मण्यांत दिसते, हे लिहावे. सुरुवातीच्या गणनेप्रमाणे दोन्हींत सुमारे ६३ टक्के मण्यांत जिवाणू पडलेला आहे. यीस्टच्या ढिगात वसाहती त्या आकड्याच्या जवळ आणि दुसऱ्या ढिगात नगण्य असतील, तर शेजाऱ्याने पोसले असे म्हणता येते. दुसऱ्या ढिगातही बऱ्याच वसाहती दिसल्या, तर एकतर धुणे कमी पडले आहे किंवा थेंबांमधून रेणू झिरपत आहेत. हे ओळखण्यासाठी नुसत्या जिवाणूंचे थेंब त्याच दिवशी वेगळ्या ट्यूबमध्ये केलेले असावेत. त्यांतही वाढ असेल तर दोष धुण्याचा, नसेल तर झिरपण्याचा.

प्राण्यांच्या पेशींकडे जाताना

ही पायरी सरावल्यानंतरच पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातील पेशींचा विचार करावा, आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्यावी. येथे पद्धत तीच असली तरी पेशीचे नखरे वेगळे आहेत. १० ते २० मायक्रोमीटरची पेशी सिरिंजमध्ये यीस्टपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने खाली बसते. त्यावर आयोडिक्सॅनॉल घालून द्रवाची घनता पेशीइतकी करणे हा रूढ उपाय आहे. पृष्ठभागाला धरून जगणाऱ्या पेशींना नुसते अल्जिनेट किंवा ॲगारोज परके वाटते, त्या गोल होऊन निपचित पडतात. त्यांच्यासाठी पेशीला पकड देणारे आरजीडी पेप्टाइड जोडलेले अल्जिनेट, कोलॅजन किंवा जिलेटिन मेथाक्रिलॉइल घ्यावे. वाढ दिवसांची असल्यामुळे मणी लवकर तेलातून काढून ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये माध्यमात ठेवावे लागतात, म्हणजे मणी उघडा होतो, आणि सुरुवातीला वहीत लिहिलेला प्रश्न येथे पुन्हा वाचावा लागतो. पेशी दाट भरलेल्या जेलमध्ये ऑक्सिजन १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पुढे पुरेसा पोचत नाही, म्हणून मण्याचा व्यास २०० च्या आत ठेवावा. ॲसिटिक आम्लाने अल्जिनेट घट्ट करत असल्यास मणी काही मिनिटांतच आम्लातून काढून धुवावेत आणि त्याच संध्याकाळी कॅल्सीन-एएम व प्रोपिडियम आयोडाइड या रंजकांनी जिवंत-मृत पेशी मोजाव्यात; दुसऱ्या दिवशी मोजल्या तर पेशी आम्लाने मेल्या की उपासमारीने, हे सांगता येत नाही.